पोकेमॉन गो गावात पोहोचला तो टाळेबंदीत

पोकेमॉन गो हा खेळ भारतात अधिकृतपणे आला तो १४ डिसेंबर २०१६ रोजी. दापोली तालुक्यातल्या आमच्या किनाऱ्यावरच्या गावात मात्र तो धडपणे खेळता येऊ लागला तो २०२० साली, तोही टाळेबंदी लागल्यानंतर. घराबाहेर पडल्याशिवाय ज्या खेळात काहीच हाती लागत नाही, तो घराबाहेर पडण्यावर बंदी असताना आमच्या वाट्याला यावा, ही गोष्ट चमत्कारिक वाटते खरी. पण त्या काळात खेळात काय काय बदलले आणि ते कोणासाठी बदलले हे पाहिले, तर तिचा उलगडा होतो.

ज्यांनी हा खेळ कधी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. फोनच्या जीपीएसवरून तुम्ही कुठे आहात हे खेळाला कळते आणि आजूबाजूचा खरा नकाशा पडद्यावर उमटतो. त्या नकाशावर हिंडताना पोकेमॉन, म्हणजे काल्पनिक प्राणी, दिसतात, आणि ते पकडायला चेंडू लागतात. चेंडू मिळतात ते पोकेस्टॉपवर. म्हणजे एखादे देऊळ, पुतळा, वाचनालय, जुनी इमारत अशा प्रत्यक्ष जागेजवळ गेल्यावर. काही मोठ्या जागांना 'जिम' म्हणतात. तिथे तीन रंगांच्या संघांत चढाओढ चालते आणि तिथेच ठरावीक वेळी 'रेड' लागते, म्हणजे एक बलाढ्य पोकेमॉन येऊन बसतो आणि त्याला अनेकांनी मिळून हरवायचे असते. थोडक्यात, खेळाची सगळी मिळकत जागांवर आणि माणसांवर अवलंबून आहे. जागा जास्त, माणसे जास्त, तर खेळ जास्त.

आता या जागा नकाशावर आल्या कशा, ते पाहू. नायअँटिक ही कंपनी जॉन हँके यांनी आधी गूगलच्या आतच सुरू केली होती, आणि तिचा २०१२ साली आलेला 'इन्ग्रेस' हा खेळ अशाच खऱ्या जागांवर खेळला जात असे. इन्ग्रेसच्या खेळाडूंनी आपापल्या भागातल्या जागांचे फोटो काढून पाठवले, आणि त्याच यादीवर पुढे पोकेमॉन गो उभा राहिला. साहजिकच जिथे इन्ग्रेस खेळणारे राहत होते किंवा सहलीला जात होते, तिथला नकाशा भरगच्च झाला आणि बाकीचा ओसाड राहिला. खेळ आला त्याच वर्षी अमेरिकेतही ही विषमता अनेकांनी दाखवून दिली होती. कोकणात त्याचे रूप असे, की पर्यटक जिथे गाडी थांबवून फोटो काढतात तिथे स्टॉप सापडतो, आणि जिथे गावातली माणसे रोज संध्याकाळी बसतात तिथे सापडत नाही. आमच्या गावात ग्रामदेवतेचे देऊळ ही एक जिम आणि जेट्टीच्या वाटेवर एक स्टॉप, एवढाच कारभार होता. भारतात आल्यावर कंपनीने रिलायन्स जिओशी करार केला आणि देशभरातली हजारो जिओ दुकाने स्टॉप आणि जिम झाली. त्यातून शहरांत भर पडली, वाडीत काही फरक पडला नाही.

या एका जिमची गंमत सांगण्यासारखी आहे. खेळातले नाणे, म्हणजे पोकेकॉइन, फुकट मिळवण्याचा मुख्य मार्ग हा, की आपला पोकेमॉन जिममध्ये पहाऱ्याला ठेवायचा. दर दहा मिनिटांना एक नाणे, आणि दिवसाला जास्तीत जास्त ५० नाणी. पण मेख अशी, की ही नाणी हातात पडतात ती आपल्या पोकेमॉनला कोणीतरी हरवून परत पाठवल्यावरच. शहरात तासा-दोन तासांत कोणीतरी येऊन हाकलतो. आमच्या देवळात माझा पोकेमॉन महिनोन् महिने निर्विघ्न बसून असे, कारण त्याला उठवायला गावात दुसरा खेळाडूच नव्हता. शत्रू नसल्यामुळे कंगाल राहण्याची ही अवस्था खेळ रचणाऱ्यांच्या ध्यानीमनीही नसावी. गणपतीत मुंबईहून चाकरमानी आले की चुलतभाऊ देवळासमोर उभा राहून माझ्या पहारेकऱ्याला पाडत असे आणि माझ्या खात्यात एकदाची ५० नाणी जमा होत. इतक्या महिन्यांच्या पहाऱ्याचे मोल तेवढेच. त्या दिवसापुरती कमाल मर्यादा ५० ती ५०च.

रेडची गोष्ट त्याहून सरळ. पंचतारांकित, म्हणजे फार अवघड, रेड एकट्याने होत नाही, आणि आमच्याकडे दुकटे कोणी नव्हते. किनाऱ्याचे म्हणून काही फायदे होते, ते नाकारत नाही. कोर्सोला नावाचा पोवळ्यासारखा पोकेमॉन उष्ण कटिबंधातल्या समुद्राकाठीच उगवतो. तो आमच्या पुळणीवर सापडे आणि पुण्याच्या मंडळींना त्याचे भारी अप्रूप. पण अदलाबदल करायची तर दोघे एकमेकांपासून १०० मीटरच्या आत असावे लागत, तेव्हा तेही गणपती-शिमग्यावरच येऊन थांबे.

मार्च २०२० मध्ये नायअँटिकने आपला त्या महिन्याचा सामुदायिक दिवस, म्हणजे खेळाडूंचा मासिक मेळावा, पुढे ढकलला आणि त्यानंतरच्या काही महिन्यांत खेळाची अनेक कलमे बदलली. पोकेमॉनला घरबसल्या बोलावणारी 'इन्सेन्स' नावाची उदबत्ती एका नाण्याला तीस मिळू लागली आणि अर्ध्या तासाऐवजी एक तास चालू लागली. शिवाय जागेवर बसून लावली तरी तिचा प्रभाव चालण्याइतकाच ठेवला. शंभर चेंडूंचा संच एका नाण्यात, एकदाच, मिळाला. खेळात अंडी मिळतात आणि ठरावीक अंतर चालले की ती उबून पोकेमॉन निघतो; ते अंतर निम्म्यावर आणले. नुकत्याच सुरू झालेल्या लढतींच्या स्पर्धेत उतरण्यासाठी चालण्याची जी अट होती, ती काढून टाकली. रोजचे एक काम स्टॉपला न जाता घरीच मिळू लागले, आणि सोबतीचा पोकेमॉन स्वतःच भेटवस्तू आणून देऊ लागला. स्टॉप किंवा जिमला हात लावण्याचे अंतर ४० मीटरवरून ८० मीटर झाले. आणि एप्रिलमध्ये आला 'रिमोट रेड पास': १०० नाण्यांना एक, २५० ला तीन. जिमजवळ न जाता रेडमध्ये उतरता येईल, असा हा पास.

(त्याच एप्रिलच्या २ तारखेला भारत सरकारचे आरोग्य सेतू आले. एकाच फोनवर एक अॅप 'तुमच्या जवळ कोण आले होते' हे सांगण्यासाठी जागा विचारत होते आणि दुसरे, जे इतकी वर्षे 'जवळ जा' म्हणत आले होते, ते आता 'जवळ गेला नाहीत तरी चालेल' म्हणत होते. दोन्हींना लोकेशन चालू ठेवावे लागे, आणि दोन्ही बॅटरी सारखीच खात.)

शहरातल्या खेळाडूंच्या दृष्टीने या सगळ्या सवलती होत्या. अडचणीच्या दिवसांत कंपनीने दाखवलेला दिलदारपणा. मी त्याकडे वेगळ्या नजरेने पाहतो. टाळेबंदीने पुण्या-मुंबईच्या खेळाडूचे जे झाले ते खेळापुरते पाहिले तर असे: स्टॉप हाताशी नाही, चार माणसे एका जागी जमू शकत नाहीत, चेंडू संपलेले. आमची तर ही २०१६ पासूनची रोजची स्थिती होती. कंपनीने शहराला वाचवण्यासाठी जे उपाय योजले ते आमच्या दुखण्यालाच नेमके लागू पडले. आमचे दुखणे जुने होते, पण ते एकट्या आमचे होते तोवर त्यावर औषध निघाले नव्हते, इतकेच.

८० मीटरांचेच घ्या. आमच्या घरापासून देऊळ पाखाडीने उतरून गेले तर फार लांब नाही, पण ४० मीटरच्या वर्तुळात घराचा कोणताही कोपरा येत नव्हता. अंतर वाढल्यावर मागच्या पडवीत, विहिरीच्या अंगाला फणसाखाली उभे राहिले, की जिमचा मनोरा पडद्यावर जागा होऊ लागला. तेवढ्याच एका ठिकाणी. दोन पावले अलीकडे, चुलीच्या बाजूला सरकलो की नाही. माड-पोफळींच्या दाटीत जीपीएस तसाही स्थिर राहत नाही. पडद्यावरचा माणूस आपल्याआप गडगा ओलांडून शेजाऱ्याच्या आगरात जाऊन उभा राहतो, आणि भर पावसात तर अधूनमधून पार पऱ्यापलीकडे. त्यामुळे फणसाखाली फोन धरून थोडा वेळ थांबावे लागे, खूण परत जागेवर येईपर्यंत. काकी एकदा म्हणाली, "देवळाकडे तोंड करून एवढा वेळ उभा असतोस, तर हात तरी जोड." सप्टेंबर २०१६ मध्ये देवस्थानांच्या जागी या खेळातली अंडी दिसतात म्हणून गुजरात उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल झाली होती, तेव्हा खेळ भारतात आलेलाही नव्हता. आमच्या काकीचा आक्षेप त्याहून व्यवहारी होता.

आणि माणसे आली. टाळेबंदीत मुंबईची नोकरी घरून करता येणारे आणि नोकरी गेलेले, असे दोन्ही प्रकारचे चाकरमानी गावी परतले. विलगीकरणाचे दिवस शाळेच्या खोल्यांत काढून ते वाडीत आले तेव्हा त्यांच्यात खेळणारे निघाले. माझा चुलतभाऊ निळ्या संघाचा, मी लाल. दोघांनी ठरवून टाकले: सकाळी त्याने मला पाडायचे, संध्याकाळी मी त्याला. गणपतीला मिळणारी नाणी रोज मिळू लागली. शहरातले खेळाडू अशा संगनमताला नाक मुरडतात, पण गावात एकच जिम असेल तर दुसरा इलाज कोणता, हे त्यांनी सांगावे.

सगळे सुरळीत चालले होते असेही नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला किनाऱ्यावर आले आणि आमच्या दापोली-मंडणगडच्या बागा आडव्या करून गेले. त्यानंतर कित्येक दिवस वीज नव्हती आणि मोबाईलचे मनोरे बंद. घरबसल्या खेळण्याची सारी सोय विजेवर आणि रेंजवर उभी होती, आणि महामारीतल्या उपायांचा विचार करणाऱ्या कोणाच्याही डोळ्यांपुढे विजेविना असलेला किनारा नव्हता. पुढे रेंज आली ती आधी सड्यावर. ऑनलाइन शाळेसाठी मुले तिथे चढत, आणि त्यांच्यापासून शारीरिक अंतर राखून आम्हीही.

रिमोट पासचा खरा उपयोग पावसाळ्यात कळला. सुरुवातीला त्या पासने जवळपासच्या यादीत दिसणाऱ्या रेडमध्येच जाता येई, म्हणजे आमच्यासाठी पुन्हा देऊळच. नंतर मित्रांना रेडचे आमंत्रण पाठवण्याची सोय आली आणि दार उघडले. जगात कुठेही असलेल्या मित्राने आमंत्रण धाडले की फणसाखालून त्याच्या गावच्या जिममध्ये उतरता येऊ लागले. मित्र म्हणजे तरी कोण, तर फोरमवरून आणि टेलिग्रामच्या गटांतून बारा आकडी संकेतांक देऊन जोडलेली, नावगाव ठाऊक नसलेली माणसे. जपानमधल्या एखाद्या स्टेशनाबाहेरचा पुतळा, ब्राझीलमधले चर्च, आणि त्या जागेचा कोणीतरी कधीतरी काढलेला फोटो पडद्यावर येई. पंचतारांकित रेड मी पहिल्यांदा जिंकली ती अशी, ज्या जागी मी कधी जाणार नाही अशा जागी.

त्या वर्षीचा 'गो फेस्ट' २५ आणि २६ जुलैला झाला. हा कंपनीचा वार्षिक मेळा. २०१७ साली शिकागोच्या ग्रँट पार्कमध्ये पहिला भरला, तेव्हा हजारो लोक एकत्र आल्यावर मोबाईलचे जाळेच कोलमडले आणि कंपनीला तिकिटांचे पैसे परत करावे लागले होते. २०२० मध्ये तिकीट काढून तो कोणालाही आपल्या घरी, आपल्या स्थानिक वेळेनुसार सकाळी दहा ते रात्री आठ खेळता आला. २५ जुलैला नागपंचमी होती. घरात पातोळ्यांची हळदीची पाने चुलीवर वाफत होती, बाहेर पाऊस तुफान, आणि पडवीत आम्ही दोघे त्या मेळ्यात. शिकागोला जाण्याची ऐपत ज्यांना कधी आली नसती त्यांच्यासाठी मेळा असा भरणे ही मोठी गोष्ट होती, असे माझे आजही मत आहे.

कंपनीचे यात नुकसान झाले म्हणावे, तर तसेही नाही. सेन्सर टॉवर या विश्लेषक संस्थेच्या अंदाजानुसार २०२० च्या पहिल्या दहा महिन्यांतच खेळाने १ अब्ज डॉलरहून अधिक कमाई केली. चालण्याची अट सैल केल्यावर चालण्याच्या खेळाने इतके कमवावे, यात बरेच काही आले. ज्यांनी आपली चौकट वाकवली नाही किंवा ज्यांना ती वाकवता आली नाही, त्यांचे काय झाले तेही दिसले. मायक्रोसॉफ्टचा 'माइनक्राफ्ट अर्थ' मुक्तपणे हिंडण्यावर आणि एकत्र येण्यावर बेतलेला होता. जगाच्या त्या परिस्थितीत ते अशक्य झाले असे कारण देऊन तो ३० जून २०२१ रोजी बंद करण्यात आला. नायअँटिकचाच 'हॅरी पॉटर: विझार्ड्स युनाइट' २०१९ च्या जूनमध्ये आला आणि ३१ जानेवारी २०२२ रोजी मिटला. त्याच्या अंताचे सगळे खापर महामारीवर फोडण्याला माझी तयारी नाही. तो मुळातच किचकट होता.

मग परतीचा प्रवास सुरू झाला. १ ऑगस्ट २०२१ रोजी अमेरिका आणि न्यूझीलंडमध्ये अंतर पुन्हा ४० मीटर केले, आणि खेळाडू भडकले. 'हिअर अस नायअँटिक' हा हॅशटॅग चालला, खुले पत्र लिहिले गेले, ५ ऑगस्टला खेळावर बहिष्काराचा दिवस पाळला गेला. युक्तिवाद साधे होते: चाकाच्या खुर्चीवरून खेळणाऱ्याला ४० मीटर म्हणजे अनेकदा पायऱ्या, रहदारीचा रस्ता ओलांडण्याचा धोका कमी होतो, आणि साथ अजून गेलेली नव्हती. ऑगस्ट संपण्याआधीच कंपनीने माघार घेतली आणि ८० मीटर सगळीकडे कायमचे केले. भारतात अंतर कमी झालेच नव्हते, तरी फणसाखालची माझी जागा वाचली ती त्या परक्या मंडळींच्या भांडणामुळे, हे मी विसरलेलो नाही. त्याच वर्षाच्या अखेरीस इन्सेन्सचा जागेवर बसून मिळणारा प्रभाव मात्र घटवला गेला, आणि त्याबद्दल फारसा आरडाओरडा झाला नाही. माझीही तक्रार नाही. उदबत्ती लावून पुळणीवर चालावे हे मला पटते. आमच्याकडे चालायला किनारा आहे.

तक्रार आहे ती ६ एप्रिल २०२३ च्या निर्णयाबद्दल. त्या दिवशी रिमोट पास १०० नाण्यांवरून १९५ वर गेला, तिनाचा संच (जो मधल्या काळात ३०० झाला होता) ५२५ वर, आणि विशेष प्रसंग सोडता दिवसाला पाचच रिमोट रेड अशी मर्यादा आली. कंपनीचे म्हणणे, घरबसल्या खेळण्याने मूळ खेळावर मात केली आहे. लोकांनी पुन्हा बाहेर पडून भेटावे. या म्हणण्यात तथ्य नाही असे कोण म्हणेल? पुण्याच्या सारसबागेजवळ राहणाऱ्याने सोफ्यावरून रेड का मारावी? प्रत्यक्ष जिमला गेले की रोज एक पास फुकट मिळतो, आणि विकतचा साधा पास तेव्हाही १०० नाण्यांचाच राहिला. पण जिथे भेटायला माणूसच नाही तिथे 'बाहेर पडून भेटा' या उपदेशाचा अर्थ 'खेळू नका' असा होतो. दिवसाला ५० नाणी, तीही शत्रू असल्यास. म्हणजे एका पासाला चार दिवस. दिवसाला पाचची मर्यादा मला जाचली नाही, कारण पाच पास जमायचेच नाहीत. जाचते ती किंमत. आणि ती ठरवताना, ज्या खेळाला माझ्या आजूबाजूला किती स्टॉप आहेत हे मीटरमध्ये ठाऊक आहे, त्याने ती माहिती विचारात घेतली नाही. जिथे ठरावीक पल्ल्यात जिम नाहीत तिथे जुनी किंमत ठेवणे हे काही अशक्यप्राय गणित नव्हते.

यावर शहरातले स्नेही उपाय सुचवतात, की स्वतः जागा नोंदवा. वरच्या पातळीवरच्या खेळाडूंना तशी सोय आहे. ती आहे, आणि मी ती वापरतो. वाडीतला चिऱ्याचा जुना पार, त्यावर वडाखाली कोरलेली सतीशिळा, हे सगळे फोटोंसकट पाठवले. नोंद मंजूर करतात ते दुसरीकडचे खेळाडूच, आणि त्यांना जागा खरोखर तिथे आहे याची खात्री उपग्रहाच्या चित्रावरून करायची असते. आमच्या किनाऱ्याचे उपग्रहचित्र म्हणजे माडांचे शेंडे. त्याखाली पार आहे, देऊळ आहे की नुसतीच पोफळ आहे, हे वरून कळत नाही. रस्त्यावरून दिसणारे चित्र द्यावे, तर गूगलचा स्ट्रीट व्ह्यू भारतात २०२२ साली आला तोही मोजक्या शहरांतच. पाराची नोंद पहिल्यांदा 'जागा सापडत नाही' या शेऱ्यासह परत आली. चौफेर फोटो काढून तो गूगलच्या नकाशावर चढवला, त्याचा दाखला देऊन पुन्हा पाठवली, तेव्हा मंजूर झाली. सतीशिळा अजून रांगेत आहे.

२०२५ च्या मार्चमध्ये नायअँटिकने आपले खेळ ३.५ अब्ज डॉलरना स्कोपली या कंपनीला विकल्याचे जाहीर झाले, आणि नकाशाचे तंत्रज्ञान वेगळ्या कंपनीत स्वतःकडे ठेवले. नवे मालक पासांच्या किमतीचे काय करतात ते पाहायचे. चुलतभाऊ तर केव्हाच मुंबईला परतला. देवळातला माझा लाल पहारेकरी पुन्हा बसून आहे, पारावरचा स्टॉप चालू आहे, आणि नाण्यांसाठी गणपतीची वाट पाहणे सुरू आहे.